कठीण शब्दाचे ऋण : इंग्रजीच्या पहिल्या कोशाची कथा

धर्मगुरुपदाचे शिक्षण घेणाऱ्या पुष्कळ तरुणांजवळ एक वही असते. तीत रोज दहा-बारा कठीण इंग्रजी शब्द उतरावयाचे, प्रत्येकापुढे कोशातील व्याख्या लिहावयाची आणि पहाटेच्या प्रार्थनेपूर्वी ते सर्व पाठ करावयाचे, असा क्रम चालतो. मराठी शाळेतून आलेल्या मुलास धर्मशास्त्राचे इंग्रजी ग्रंथ वाचावयाचे असतात आणि तेथे ‘जस्टिफिकेशन’, ‘रिडेम्प्शन’, ‘प्रॉव्हिडन्स’ असे शब्द पावलोपावली आडवे येतात. त्याने वही केली तर त्यास कोण दोष देईल? आम्हीही ती केली होती आणि ती अद्याप आमच्या कपाटात आहे.

त्या वहीत ‘अटोनमेंट’ या शब्दापुढे आम्ही एक लांब इंग्रजी व्याख्या आणि ‘प्रायश्चित्त’ हा मराठी प्रतिशब्द लिहिला होता. दीक्षेनंतरच्या दुसऱ्या वर्षी, बेळगावजवळच्या एका खेड्यात, उपवासकाळातील प्रवचनात आम्ही तो शब्द मोठ्या आत्मविश्वासाने वापरला. ख्रिस्ताने आपल्यासाठी प्रायश्चित्त केले, हे आम्ही तीन-चार वेळा सांगितले. उपासना संपल्यावर एक वृद्ध शेतकरी दारापाशी थांबला. त्याने अदबीने विचारले, “फादर, प्रायश्चित्त चुकलेल्या माणसाला देत्यात. मग येशूनं कुठली चूक केलती म्हणायची?”

आम्हांपाशी उत्तर नव्हते. व्याख्या पाठ होती, शब्द पाठ होता. परंतु शब्द ऐकणाऱ्याच्या मनात काय उभे राहील याचा विचार आम्ही केला नव्हता. पुढे इंग्रजी कोशांचा इतिहास वाचताना आमच्या ध्यानात आले की ही अडचण नवी नाही. एवढेच नव्हे, तर इंग्रजी शब्दांच्या इंग्रजीतच व्याख्या देणारा पहिला स्वतंत्र कोश याच अडचणीतून जन्मला, आणि तो रचणारा एक धर्मगुरूच होता. त्याची कथा आमच्या धर्मगुरू आणि धर्मशिक्षक बांधवांस उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे सांगत आहोत.

१. शाईच्या शिंगातील शब्द

सोळाव्या शतकात इंग्रजी भाषा एकाएकी फुगू लागली. विद्येची भाषा तोवर लॅटिन होती. मुद्रणकला आली, धर्मसुधारणेचे वाद पेटले, ग्रीक व रोमन ग्रंथांची भाषांतरे होऊ लागली, आणि विद्वानांना सामान्यांच्या भाषेत लिहावे लागले. त्या भाषेत जे शब्द नव्हते ते त्यांनी लॅटिन, ग्रीक व फ्रेंच यांतून उचलले. शाई त्या काळी शिंगात ठेवीत. म्हणून लेखणीपाशी जन्मलेल्या आणि लोकांच्या तोंडी नसलेल्या या शब्दांना ‘इंकहॉर्न’ शब्द, म्हणजे शाईच्या शिंगातले शब्द, असे हिणवून म्हणत. टॉमस विल्सन याने १५५३ साली वक्तृत्वशास्त्रावर ग्रंथ लिहिला, त्यात अशा भाषेची थट्टा करण्यासाठी एक पत्र दिले आहे. त्या पत्राचा लेखक लॅटिनी शब्दांची माळ ओवीत मागतो काय, तर धर्मग्रामातील एक रिकामी जागा! थट्टेचा रोख कोठे होता हे आपण ओळखावे.

उलट टोकास सर जॉन चीक हा केंब्रिजचा ग्रीक पंडित होता. त्याने मत्तयाचे शुभवर्तमान शक्यतो देशी इंग्रजी शब्दांतच उतरविण्याचा प्रयत्न केला. ‘सेंच्युरियन’ या रोमी शताधिपतीस तो ‘हंड्रेडर’ म्हणतो, आणि ‘रिझरेक्शन’ ऐवजी ‘गेनरायझिंग’ असा शब्द बनवितो. हेतू स्तुत्य होता. पण ते घरचे शब्दही लोकांना परकेच वाटावेत असे होते. चीकचे भाषांतर १८४३ पर्यंत छापले गेले नाही आणि त्याचे हे शब्द भाषेत रुजले नाहीत. यावरून दिसते की केवळ परका शब्द टाळल्याने अर्थ पोहोचतोच असे नाही.

पवित्र शास्त्राच्या भाषांतरकारांना तर हा प्रश्न जिवाशी गाठ घालणारा होता. विल्यम टिंडल याने ग्रीक शब्दासाठी ‘चर्च’ न लिहिता ‘काँग्रिगेशन’ लिहिले, ‘प्रीस्ट’ न लिहिता ‘एल्डर’ लिहिले, आणि सर टॉमस मोर याने त्यावर कठोर टीका केली. शब्द बदलला की श्रद्धेचा अर्थ बदलतो हे दोघांनाही पक्के ठाऊक होते. मोरला १५३५ साली आणि टिंडलला १५३६ साली मृत्युदंड झाला. एकाने राजाचे धर्मप्रमुखत्व मान्य केले नाही, दुसऱ्यावर पाखंडाचा आरोप होता. वाद बाजूस ठेवून एक गोष्ट पाहावी : टिंडलने १५३० साली पंचग्रंथाचे भाषांतर छापले तेव्हा उत्पत्तीच्या पुस्तकास काही शब्दांचा उलगडा करणारी यादी जोडली. आणि फ्रान्समधील रेन्स येथे आश्रयास गेलेल्या इंग्रज कॅथलिक पंडितांनी १५८२ साली नवा करार प्रसिद्ध केला तेव्हा त्यांनीही सामान्य वाचकास अपरिचित अशा पन्नासहून अधिक शब्दांचा अर्थ शेवटी दिला. त्या यादीत ‘अॅडव्हेंट’, ‘इव्हँजेलाइज’, ‘को-ऑपरेट’, ‘व्हिक्टिम’ हे शब्द आहेत. आज शाळकरी मुलालाही ते ठाऊक असतात. त्याच यादीतील ‘एक्झिनॅनाइट’, म्हणजे स्वतःला रिक्त करणे, हा शब्द मात्र व्यवहारात आलाच नाही.

जे दोन पक्ष एकमेकांशी कशातही सहमत नव्हते, ते एवढ्या एका गोष्टीत सहमत होते : कठीण शब्द वापरावा लागला, तर त्याचा अर्थ सांगणे हे वापरणाऱ्याचे ऋण आहे.

२. पदच्युत धर्मगुरू

रॉबर्ट कॉड्री याने विद्यापीठाची पदवी घेतल्याचे दिसत नाही. रटलंड परगण्यातील ओकम येथे तो १५६३ च्या सुमारास शाळामास्तर झाला आणि पुढे दीक्षा घेऊन १५७१ साली साउथ लफनहॅम या गावाचा धर्मगुरू झाला. मनाने तो प्युरिटन पंथाकडे झुकलेला होता. विहित प्रार्थनापुस्तकातील काही विधी त्यास मान्य नव्हते आणि व्यासपीठावरून तो ते बोलूनही दाखवी. वरिष्ठांनी त्यास बोलावले, समज दिली, आणि अखेरीस त्याची जागा काढून घेतली. लॉर्ड बर्लीसारख्या बड्या मंत्र्याने त्याच्यासाठी शब्द टाकला, तरी उपयोग झाला नाही. तो न्यायालयात गेला. १५९१ चा तो निकाल ‘कॉड्रीचा खटला’ या नावाने इंग्लंडच्या कायद्याच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. त्यात कॉड्री हरला आणि राणीचा धर्मविषयक अधिकार पक्का झाला. घरात मुलेबाळे, उत्पन्न गेलेले, आणि व्यासपीठ कायमचे बंद. उरली होती ती जुनी शाळामास्तरकी. पुढे त्याने शिकविण्यावरच चरितार्थ चालविला.

त्याची बाजू खरी की वरिष्ठांची, हा निवाडा येथे करावयाचा नाही. आम्हांस लक्षात घ्यावेसे वाटते ते त्याच्या हाताखालून निघालेले काम. १५८० साली, पदावर असतानाच, त्याने धर्मशिक्षण प्रश्नोत्तररूपाने देणे किती लाभाचे व आवश्यक आहे यावर एक पुस्तिका लिहिली होती. १६०० साली त्याने दृष्टान्त व उपमा यांचा एक मोठा संग्रह प्रसिद्ध केला. आणि १६०४ साली लंडनमध्ये त्याचा शब्दार्थांचा कोश निघाला. ‘अ टेबल अल्फाबेटिकल’ हे त्याचे नाव. धर्मशिक्षणावरील पुस्तिकेची सुधारलेली आवृत्ती त्याच वर्षी निघाली, हा योगायोग बोलका आहे. प्रश्नोत्तरी, दृष्टान्तसंग्रह आणि शब्दकोश या तिन्ही कामांचा हेतू एकच : सांगितलेले समजावे.

३. कोश कोणासाठी होता

कॉड्रीच्या कोशात सुमारे अडीच हजार शब्द आहेत. मोजणाऱ्यांनी आकडा २,५४३ असा दिला आहे. सगळीच सामग्री त्याची स्वतःची नव्हे. रिचर्ड मलकॅस्टर या नामांकित शिक्षकाने १५८२ साली सुमारे आठ हजार इंग्रजी शब्दांची यादी छापली होती आणि कोणीतरी त्यांचे अर्थ द्यावेत अशी इच्छा व्यक्त केली होती. एडमंड कूट याने १५९६ साली आपल्या शालेय पुस्तकास अर्थांसह एक शब्दावली जोडली. कॉड्रीने कूटच्या शब्दावलीतून पुष्कळ काही घेतले, लॅटिन कोशांतून भर घातली, आणि लंडनमध्ये शिक्षक असलेला त्याचा मुलगा टॉमस याने या कामी त्यास मदत केली.

नवे होते ते वाचकाविषयीचे भान. मुखपृष्ठावरच कॉड्री सांगतो की हे पुस्तक स्त्रियांसाठी आणि फारसे न शिकलेल्या इतर लोकांसाठी आहे; शास्त्रात, प्रवचनात किंवा अन्यत्र ऐकलेले-वाचलेले कठीण शब्द त्यांना नीट समजावेत आणि योग्य जागी वापरताही यावेत, हा हेतू आहे. स्त्रियांचा उल्लेख का? लॅटिन शिकविणाऱ्या शाळा मुलांसाठी होत्या. उपासनेला दोघेही येत. पण लॅटिनातून आलेला शब्द भावाला ओळखीचा वाटे आणि बहीण चाचपडत राही. शिक्षणाच्या या विषमतेमुळे कोणी प्रवचनाच्या अर्थास मुकू नये, म्हणून हा कोश.

कठीण शब्दाचा अर्थ एक-दोन सोप्या शब्दांत देणे ही कॉड्रीची सर्वसाधारण रीत. फ्रेंच व ग्रीक मूळ असलेल्या शब्दांना त्याने खुणा केल्या आहेत. ज्या वस्तूचे वर्णन करणे कठीण, तेथे तो ‘एक प्रकारचा अमुक’ एवढेच सांगून मोकळा होतो. मगरीचा अर्थ ‘एक प्रकारचा पशू’ एवढाच आहे! आज आपणास हसू येते. मात्र प्रस्तावनेतील एक सूचना वाचताना हसू मावळते. कोशात शब्द शोधावयाचा असेल तर अक्षरांचा क्रम पुस्तक न पाहता पाठ असला पाहिजे. शब्द आरंभीच्या अक्षराचा असेल तर पुस्तकाच्या आरंभी पाहावे, शेवटच्या अक्षरांपैकी असेल तर शेवटाकडे, असे तो धीराने समजावून देतो. ज्याने आयुष्यात कधी कोश उघडलेला नाही अशा वाचकाचा हात धरून तो चालला आहे.

प्रस्तावनेत धर्मोपदेशकांनाही कानपिचक्या आहेत. विल्सनच्या ग्रंथातील विचारांचा आधार घेऊन तो सांगतो की अशिक्षितांपुढे बोलताना शाईच्या शिंगातले शब्द मिरवू नयेत, सर्वांना रुळलेल्या भाषेत बोलावे. येथे कोणी विचारील, कठीण शब्द टाळा असे सांगणाराच कठीण शब्दांचा कोश कसा करतो? आमच्या मते यात विसंगती नाही. बोलणाऱ्यास तो संयम शिकवितो आणि ऐकणाऱ्याच्या हाती किल्ली देतो. उपदेशक सुधारेपर्यंत श्रोत्याने अंधारात का बसावे?

या पुस्तकाच्या पुढे १६०९, १६१३ व १६१७ साली आवृत्त्या निघाल्या. पहिल्या आवृत्तीची मात्र आज एकच प्रत ज्ञात आहे. ती ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे.

४. दोन वाटा

कॉड्रीच्या मागून कोशकारांची रांग लागली. १६१६ साली जॉन बुलोकर या वैद्याने अधिक मोठा कोश छापला. १६२३ साली हेन्री कोकरम याचा कोश आला आणि येथे वाट फुटली. त्याच्या पहिल्या भागात कठीण शब्दांचे सोपे अर्थ आहेत. दुसऱ्या भागात गंगा उलटी वाहते : साधा शब्द आधी आणि त्याच्या जागी वापरावयाचा भारदस्त शब्द पुढे. कुत्रा भुंकण्यासाठीही ‘लॅट्रेट’ हा लॅटिनी शब्द या कोशात सापडतो. ज्यास विद्वान दिसावयाचे आहे त्याने आपली साधी वाक्ये घेऊन यावे आणि सजवून न्यावीत, अशी ती सोय होती. कॉड्रीचा कोश ऐकणाऱ्यासाठी होता. कोकरमचा हा भाग बोलणाऱ्याच्या प्रतिष्ठेसाठी होता. व्याख्या लिहिण्याचे तंत्र दोघांचे एकच, फक्त तोंड दोन दिशांना.

बुलोकरचा कोश निघाला त्याच १६१६ साली गोव्यात, साष्टीतील रायतूर येथे, दुसऱ्या एका इंग्रजाचा ग्रंथ छापून झाला. तो म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण. १५७९ साली गोव्यास आलेल्या या येशूसंघीय धर्मगुरूने सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ मराठीत रचला. त्यांच्यापुढेही तोच प्रश्न होता. पूर्वसूरींच्या मराठीतील पुष्कळ शब्द तेथल्या सामान्य श्रोत्यास कळणारे नव्हते. आपण असे शब्द गाळून तेथील सोप्या बोलीची भर घातली, असे त्यांनी ग्रंथाच्या प्रास्ताविकात सांगितले आहे. कॉड्रीने कठीण शब्दास अर्थ जोडला आणि स्टीफन्सनी कठीण शब्दच वेचून काढला. एक प्युरिटन, एक येशूसंघीय. लंडनमध्ये भेटते तर एकमेकांचे तोंड पाहते ना. तरी दोघांची नजर बाकावर बसलेल्या त्याच माणसाकडे होती.

५. व्याख्येपासून शब्दाच्या चरित्रापर्यंत

पुढील इतिहास थोडक्यात सांगतो. १७०२ च्या एका कोशाने, जो जॉन कर्सीचा समजतात, नित्याचे साधे शब्दही कोशात घेतले. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ साली बेचाळीस हजारांहून अधिक शब्दांचा महाकोश दिला आणि अर्थाच्या पुष्ट्यर्थ लेखकांची अवतरणे जोडली. जाळे या साध्या वस्तूची त्याने केलेली व्याख्या मूळ शब्दाहून कितीतरी दुर्बोध आहे, हे मात्र सर्वज्ञात आहे. थोर कोशकाराच्या हातूनही व्याख्या कधी ऋण फेडण्याऐवजी वाढविते.

शेवटचे मोठे वळण पुन्हा एका धर्मगुरूने दिले. रिचर्ड चेनेव्हिक्स ट्रेंच यांचे दृष्टान्तांवरील १८४१ चे पुस्तक जुन्या उपदेशकांच्या कपाटात असे. हेच ट्रेंच वेस्टमिन्स्टरचे डीन असताना, १८५७ साली, लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीपुढे इंग्रजी कोशांतील उणिवांवर बोलले. कोशकार हा शब्दांचा न्यायाधीश नव्हे, इतिहासकार आहे. प्रत्येक शब्द केव्हा आला, कोणत्या अर्थाने चालला, कसा बदलला, हे त्याने सांगावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यातून जे काम उभे राहिले तेच पुढे ऑक्सफर्डचा महाकोश झाले. पहिला भाग १८८४ साली निघाला आणि काम पुरे झाले १९२८ साली. ट्रेंच यांचे शब्दाभ्यासावरील १८५१ चे लोकप्रिय पुस्तक मूळ कोणापुढे दिलेल्या व्याख्यानांचे होते? विंचेस्टर येथील धर्मप्रांतीय अध्यापनशाळेत शिकणाऱ्या भावी शिक्षकांपुढे. शब्दाचे चरित्र प्रथम शिक्षकास कळावे, हा क्रम आमच्या धर्मशिक्षकांनी ध्यानी धरावा.

योगायोगाने त्याच १८५७ साली मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची सुमारे साठ हजार शब्दांची दुसरी आवृत्ती निघाली. पहिली आवृत्ती १८३१ ची. आणि १८३१ हेच बेळगावच्या बाबा पदमनजींचे जन्मवर्ष. १८५४ साली बेळगावातच बाप्तिस्मा घेतलेल्या पदमनजींनी त्या अवाढव्य ग्रंथाचा संक्षेप १८६३ साली प्रसिद्ध केला. मोठा कोश साहेबांच्या आणि पंडितांच्या टेबलावरचा होता. संक्षेप विद्यार्थ्याच्या आटोक्यातील झाला. कॉड्रीची वाट आपल्याकडेही कोणी चालले होते, असे म्हणावयास हरकत नाही.

६. आपली वही

आता पुन्हा त्या वृद्धाच्या प्रश्नाकडे येऊ. ‘अटोनमेंट’ हा शब्द आम्ही लॅटिन असेल असे समजून पाठ केला होता. वस्तुतः तो अस्सल इंग्रजी घडणीचा आहे. ‘अॅट’ आणि ‘वन’ ही दोन साधी पदे जोडून ‘एक होणे’ या अर्थी तो बनला, आणि ‘वन’ चा जुना उच्चार त्यात ‘ओन’ असा टिकून आहे. टिंडलने १५२६ च्या नव्या करारात तो वापरला. रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात जेथे त्याने हा शब्द योजला तेथे आपल्या मराठी शास्त्रात ‘समेट’ आहे. दुरावलेली दोन माणसे पुन्हा एक होणे, ही त्या शब्दाची पहिली ओळख. पापाबद्दल केलेली भरपाई हा अर्थ त्याला पुढे जडला. मराठीत ‘प्रायश्चित्त’ हा शब्द आपण स्वीकारला तो योग्य आहे. आपल्या शास्त्राच्या भाषांतरात तो आहेच. परंतु तो शब्द मराठीत रिकामा आलेला नव्हता. चुकलेल्याने स्वतः घ्यावयाचे, पंचांनी किंवा शास्त्र्यांनी लावून द्यावयाचे, हा अर्थ घेऊनच तो आला. शेतकऱ्याचा प्रश्न म्हणजे शब्दाच्या त्याच चरित्राने विचारलेला प्रश्न होता. ज्याने चूक केली नाही त्याने दुसऱ्याची भरपाई करून दुरावलेल्यांचा समेट घडविला, एवढे एक वाक्य आम्ही त्या दिवशी जोडले असते तर ऋण फिटले असते.

म्हणून वही टाकून द्या असे आम्ही म्हणत नाही. इंग्रजी शब्दसंपत्ती आपणास हवी. तिच्यावाचून धर्मशास्त्राची पुष्कळ दालने आपल्याला बंद राहतील. मात्र वहीत तीन रकाने करावेत. पहिल्यात कोशातील व्याख्या लिहावी. दुसऱ्यात शब्दाची घडण आणि शास्त्रातील एखादे स्थळ द्यावे. तिसऱ्यात, आपल्या धर्मग्रामातील एखाद्या न शिकलेल्या माणसाला तो शब्द आपण कसा समजावून सांगू, ते एका वाक्यात मराठीत किंवा त्याच्या बोलीत लिहावे. ज्या शब्दापुढे तिसरा रकाना कोरा राहील तो शब्द अजून आपला झाला नाही, असे समजावे. तो परीक्षेत लिहिता येईल, प्रवचनात नेऊ नये.

इंग्रजीतील ‘डेफिनिशन’ या शब्दाच्या मुळाशी लॅटिन ‘फिनिस’, म्हणजे सीमा, आहे. आपल्या ‘व्याख्या’ शब्दाच्या मुळाशी ‘सांगणे’ आहे. सीमा आखणे हे अभ्यासिकेतले काम आणि सांगणे हे व्यासपीठावरचे. कॉड्रीचे व्यासपीठ गेले, तरी त्याने सांगणे सोडले नाही. बाकावर बसलेल्यांच्या हाती त्याने एक लहानसे पुस्तक दिले. आपल्याजवळ व्यासपीठ आहे. दारापाशी थांबून विचारणारा एखादा वृद्धही, देवाच्या कृपेने, प्रत्येक धर्मग्रामात असतो. त्याचा प्रश्न ऐकून मगच तिसरा रकाना भरावा.